दहावीच्या पुस्तकातली हाकललेली माणसे

माझी भाची यंदा दहावीला आहे. परवा रात्री विज्ञानाचे पुस्तक घेऊन ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मामू, ही तीन नावे काही केल्या पाठ होत नाहीत. एखादी युक्ती सांगा ना."

पुस्तकात सजीवांतील जीवनप्रक्रियांचा धडा उघडा होता. पेशीत साखर तुटून ऊर्जा कशी तयार होते, ते त्यात सांगितले आहे. पहिल्या टप्प्याचे नाव ग्लायकोलायसिस. तो शोधणाऱ्यांची नावे एम्ब्डेन, मेयरहॉफ आणि पार्नास. थोडे पुढे गेले की क्रेब चक्र येते. दर वर्षी राज्यातली लाखो मुले ही नावे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. मीही तेच केले होते.

पाठ करायची युक्ती मला सुचली नाही. पण ही माणसे कोण होती, हे सांगू लागलो तेव्हा तिने पुस्तक मिटून ठेवले. तिच्या आईने जेवायला तीनदा हाक मारली तरी ती उठली नाही. तिला जे तुकड्यातुकड्याने सांगितले, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

श्वास म्हणजे मंद जळणे

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. १७८२-८३ च्या हिवाळ्यात आंत्वान लाव्हाझिए आणि गणितज्ञ लाप्लास यांनी पॅरिसमध्ये एक साधा प्रयोग केला. एका भांड्यात गिनिपिग ठेवला आणि भोवती बर्फ भरला. प्राण्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळला, ते मोजले. तेवढ्या वेळात त्याने उच्छ्वासातून किती कार्बन डायऑक्साइड सोडला, तेही मोजले. मग तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळला, तर किती बर्फ वितळतो ते पाहिले. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. लाव्हाझिए यांनी निष्कर्ष काढला की श्वसन म्हणजे जळणेच आहे, फक्त ते मंद आहे आणि त्याला ज्योत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीने ८ मे १७९४ रोजी लाव्हाझिए यांचा शिरच्छेद केला. त्यांच्यावरचा राग विज्ञानामुळे नव्हता. राजाच्या वतीने कर गोळा करणाऱ्या कंपनीत ते भागीदार होते. त्यांचे विज्ञान मात्र त्यांना वाचवू शकले नाही.

मागे एक मोठा प्रश्न उरला. चुलीतले लाकूड जळते तेव्हा हात लावता येत नाही. आपले शरीर मात्र ३७ अंशांवर, पाण्याने भरलेल्या पेशीत तेच काम करते आणि भाजत नाही. भाकरीतली सगळी ऊर्जा एकदम उष्णता होऊन निघाली असती, तर स्नायू हलले नसते आणि मेंदू चालला नसता. म्हणजे पेशी हे जळण एका झटक्यात जाळत नाही, पायरीपायरीने उतरवते. या पायऱ्या कोणत्या, हे शोधायला पुढची दीडशे वर्षे लागली.

बराच काळ असा समज होता की हे काम जिवंत पेशीच करू शकते, तिच्या आत काही गूढ जीवनशक्ती असते. १८९७ मध्ये जर्मनीच्या एडुआर्ड बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर कुटल्या, पिळून रस काढला आणि त्यात साखर घातली. रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर आंबली. काम जीवनशक्तीचे नव्हते, पेशीतल्या विकरांचे होते. आता पेशी फोडून तिच्या आतली एकेक पायरी तपासता येणार होती. बुख्नर यांना १९०७ मध्ये नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्याबरोबर गेले आणि १९१७ मध्ये रुमानियाच्या आघाडीवर जखमी होऊन मरण पावले.

तीन नावे, एक वाट

ओटो मेयरहॉफ मूळचे हॅनोव्हरच्या ज्यू कुटुंबातले. स्नायू दमतो तेव्हा त्यात लॅक्टिक आम्ल साचते आणि ते साखरेपासून बनते, याचा हिशेब त्यांनी मांडला. याच काळात इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड हिल स्नायूंतून निघणारी उष्णता मोजत होते. दोघांना मिळून १९२२ चे नोबेल देण्यात आले. चार वर्षांपूर्वी या दोघांचे देश एकमेकांची तरुण मुले खंदकांत मारत होते. त्यांचे विज्ञान मात्र एकच होते.

गुस्ताव एम्ब्डेन फ्रँकफर्टमध्ये काम करत. १९३३ मध्ये त्यांनी साखर तुटण्याच्या पायऱ्यांचा आराखडा मांडला आणि त्याच वर्षी ते वारले. याकुब पार्नास हे पोलंडमधल्या ल्वूव शहरात प्राध्यापक होते. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्विव म्हणतात. तेही ज्यू कुटुंबातले. ग्लायकोलायसिसच्या वाटेवर फॉस्फेट एका रेणूवरून दुसऱ्यावर कसे जाते, हे उलगडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

वाट अशी आहे. ग्लुकोजचा सहा कार्बनचा रेणू दहा पायऱ्यांनी तुटतो आणि त्यातून पायरुविक आम्लाचे तीन-तीन कार्बनचे दोन रेणू होतात. या कामाला ऑक्सिजन लागत नाही. यातून पेशीच्या हाती एटीपीचे फक्त दोन रेणू पडतात.

एटीपीला पाठ्यपुस्तके पेशीतले ऊर्जेचे चलन म्हणतात आणि ही उपमा चांगली आहे. धान्याचे पोते घेऊन आपण एसटीत तिकीट काढू शकत नाही, ते विकून हातात सुटे पैसे घ्यावे लागतात. पेशीही साखरेची ऊर्जा एटीपीच्या सुट्या पैशांत मोडून घेते आणि मग खर्च करते. शरीरात एका वेळी एटीपी अगदी थोडे असते. पण दिवसभरात जेवढे बनते आणि मोडते, त्याचे वजन जवळपास आपल्या स्वतःच्या वजनाइतके भरते.

हे एटीपी १९२९ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडले. एक जागा म्हणजे मेयरहॉफ यांची प्रयोगशाळा, तिथे कार्ल लोमान यांना. दुसरी अमेरिकेतील हार्वर्ड, तिथे सायरस फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांच्याकडे पुढे येतो.

आजी-आजोबांची चौकशी

हान्स क्रेब्स यांचा जन्म १९०० मध्ये जर्मनीतल्या हिल्डेसहाइम गावी झाला. वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. कुटुंब ज्यू, पण जर्मन समाजात विरघळून जावे या मताचे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत, १९१८ मध्ये, तरुण हान्स जर्मन सैन्यात भरती झाला होता. पुढे तो डॉक्टर झाला आणि १९२६ मध्ये बर्लिनमध्ये डाहलेम इथे ओटो वारबुर्ग यांच्या हाताखाली कामाला लागला. पेशी किती ऑक्सिजन घेते, हे वायूच्या दाबावरून अचूक मोजण्याचे तंत्र तो तिथे शिकला. ऊतीची पातळ कापे जिवंत ठेवून त्यांवर प्रयोग कसा करायचा, हेही तिथलेच शिक्षण.

१९३२ मध्ये फ्रायबुर्गच्या रुग्णालयात काम करत असताना क्रेब्स आणि त्यांचे सहकारी कुर्ट हेन्सेलाइट यांनी यकृतात युरिया कसा बनतो ते शोधले. शरीरातली एखादी प्रक्रिया सरळ रेषेत न जाता गोल फिरते, हे त्यात पहिल्यांदा स्पष्ट दिसले. बत्तिसाव्या वर्षी क्रेब्स यांचे नाव युरोपभर झाले.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. ७ एप्रिलला कायदा आला. त्याचे नाव वाचले तर कुणालाही तो बरा वाटेल: व्यावसायिक नागरी सेवेच्या पुनर्स्थापनेचा कायदा. त्यातले एक कलम सांगत होते की 'अनार्य' व्यक्तींना सरकारी नोकरीत राहता येणार नाही. विद्यापीठे सरकारी होती. 'अनार्य' कोण, हेही चार दिवसांत ठरवून दिले गेले. आजी-आजोबांपैकी एक जण जरी ज्यू असेल, तरी पुरे होते. तुम्ही काय मानता, काय काम करता, हे बहुतेकांच्या बाबतीत गौण ठरले.

काही दिवसांतच क्रेब्स यांना कामावरून दूर करण्यात आले. त्याच एप्रिलमध्ये त्याच फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या कुलगुरूपदी तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर निवडून आले आणि लगेच नाझी पक्षाचे सदस्य झाले. काल नमस्कार करणारे आज रस्ता बदलून जाऊ लागले की माणसाला आपली जागा कळते. त्या वसंतात जर्मनीतल्या शेकडो प्राध्यापकांना ती कळली.

केंब्रिजच्या फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांनी क्रेब्स यांना बोलावून घेतले. जून १९३३ मध्ये क्रेब्स इंग्लंडला पोचले. सामानात मोजमापाची उपकरणे होती, ती नेऊ दिली गेली हे नशीब. रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर पोट भरायची सोय झाली. याच सुमारास ब्रिटनमध्ये निर्वासित विद्वानांना मदत करण्यासाठी एक परिषद स्थापन झाली. तिच्या आधारस्तंभांपैकी एक होते आर्चिबाल्ड हिल, मेयरहॉफ यांच्याबरोबर नोबेल वाटून घेतलेले.

रहाटगाडगे

१९३५ मध्ये क्रेब्स शेफील्डला गेले. पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराच्या विद्यापीठात त्यांना व्याख्यात्याची नोकरी मिळाली. तिथे विल्यम जॉन्सन हा विद्यार्थी त्यांच्याबरोबर काम करू लागला. प्रयोगाची वस्तू होती कबुतराच्या छातीचा स्नायू. उडणाऱ्या पक्ष्याचा हा स्नायू प्रचंड वेगाने ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे मोजायला सोयीचा.

या स्नायूवर हंगेरीच्या सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी आधीच काम केले होते. चार कार्बनची काही आम्ले स्नायूच्या लगद्यात चिमूटभर टाकली की ऑक्सिजनचा खप वाढतो, आणि तो त्या आम्लाच्या मानाने कितीतरी जास्त असतो. म्हणजे ती आम्ले स्वतः जळून संपत नव्हती, दुसऱ्या कशाला तरी जाळायला मदत करत होती. तिकडे जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये मार्टियुस आणि क्नूप यांनी सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबात असते तेच आम्ल, पेशीत कोणत्या पायऱ्यांनी तुटते ते दाखवले होते.

क्रेब्स आणि जॉन्सन यांना दिसले की सायट्रिक आम्लही तसेच वागते. थोडे टाकले तर खप खूप वाढतो. मग त्यांनी वाट अडवून पाहिली. मॅलोनेट नावाचे रसायन एक विशिष्ट पायरी बंद करते. ती बंद केल्यावर सक्सिनिक आम्ल साचू लागले. वाट सरळ असती, तर त्या पायरीच्या पलीकडची आम्ले घालून सक्सिनिक आम्ल वाढायला नको होते. पण ते वाढले. पलीकडून निघालेले अलीकडे पोचत होते, म्हणजे वाट गोल होती. शेवटचा दुवा हाही मिळाला की ऑक्झॅलोअॅसिटिक आम्ल दिले तर स्नायू त्यापासून सायट्रिक आम्ल बनवतो.

ज्यांनी गावच्या विहिरीवर रहाट पाहिला आहे, त्यांना हे चक्र समजायला अवघड नाही. रहाटाची गाडगी एकामागे एक वर येतात, पाणी पाटात ओततात आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. पाणी वाहून जाते, रहाट तिथेच राहतो. चार कार्बनचे आम्ल म्हणजे रिकामे गाडगे. त्यात साखरेपासून आलेला दोन कार्बनचा तुकडा पडला की सहा कार्बनचे सायट्रिक आम्ल होते. फेरी पुरी होईपर्यंत दोन कार्बन, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. आपण उच्छ्वासातून सोडतो तो बहुतांश याच वाटेने येतो. वाटेत हायड्रोजन काढून घेतला जातो. तो पुढे इलेक्ट्रॉन वहन साखळीत जाऊन शेवटी ऑक्सिजनला भेटतो, त्याचे पाणी होते आणि या प्रवासात भरपूर एटीपी बनते. ग्लायकोलायसिसमध्ये जिथे दोन मिळाले, तिथे पूर्ण प्रवासात एका ग्लुकोजमागे आजच्या हिशेबाने तीसच्या आसपास मिळतात. जुन्या पुस्तकांत हा आकडा ३८ दिलेला आढळतो.

आणखी महत्त्वाचे म्हणजे साखर असो, तेल-तूप असो की डाळीतले प्रथिन, सगळ्यांच्या वाटा शेवटी याच विहिरीवर येतात.

क्रेब्स यांनी जून १९३७ मध्ये हा शोध छोट्या पत्राच्या रूपात 'नेचर' या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला. आमच्याकडे आधीच बरीच पत्रे साचली आहेत, असे कळवून संपादकांनी तो परत पाठवला. मग सविस्तर लेख हॉलंडच्या 'एन्झायमोलोगिया'मध्ये छापून आला. दोन कार्बनचा तो तुकडा नेमका कोणत्या रूपात येतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. ते कोडे सुटायला को-एन्झाइम ए सापडावे लागले. ते शोधले फ्रिट्झ लिपमान यांनी, अमेरिकेत. लिपमान हे मेयरहॉफ यांचे शिष्य, जर्मनीतल्या क्योनिग्सबर्गच्या ज्यू कुटुंबातले. ते आधी डेन्मार्कला गेले आणि १९३९ मध्ये अमेरिकेला. १९५३ चे नोबेल क्रेब्स आणि लिपमान या दोघांना मिळून मिळाले. दोघेही जर्मनीत जन्मलेले आणि शिकलेले, पण पुरस्कार घेताना एक ब्रिटनचा नागरिक होता, दुसरा अमेरिकेचा.

बाकीच्यांचे काय झाले

मेयरहॉफ १९३८ पर्यंत हायडेलबर्गमध्ये तग धरून राहिले. मग घरदार सोडून पॅरिसला गेले. १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसला आल्या, तेव्हा तिथूनही पळावे लागले. पन्नाशी उलटलेले हे नोबेलविजेते पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये आणि तिथून लिस्बनमार्गे अमेरिकेला पोचले. फिलाडेल्फियात १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

पार्नास यांची गोष्ट अधिक कडू आहे. हिटलरच्या फौजांनी १९४१ मध्ये ल्वूव घेण्याआधी ते सोव्हिएत संघात पूर्वेकडे गेले आणि वाचले. मॉस्कोत त्यांना मान मिळाला, ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. पण जानेवारी १९४९ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना अटक केली आणि दुसऱ्याच दिवशी लुब्यांका तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. हिटलरपासून पळालेला माणूस स्टालिनच्या कोठडीत संपला.

त्याच महिन्यात लीना श्टेर्न यांनाही अटक झाली. क्रेब्स यांच्या किती तरी आधी, १९१० च्या सुमारास, जिनिव्हात बातेली यांच्यासह त्यांनी प्राण्यांच्या ऊतींत सक्सिनिक आणि सायट्रिक आम्लांचे ज्वलन तपासले होते. पुढे हे चक्र ज्या पायावर उभे राहिले, त्यात या कामाच्या विटा आहेत. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या त्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य. ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या खटल्यात त्यांच्याबरोबरच्या तेरा जणांना १९५२ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. सत्तरी ओलांडलेल्या श्टेर्न यांना हद्दपारी मिळाली, म्हणून त्या तेवढ्या वाचल्या.

आणि सुब्बाराव? मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी खादी घातली आणि इंग्रज प्राध्यापकाची नाराजी ओढवून घेतली. पूर्ण पदवीऐवजी कमी दर्जाची पदविका हाती आली. अमेरिकेत शिकताना त्यांनी रुग्णालयात हमालीची कामे केली. फॉस्फरस मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. तरी हार्वर्डने त्यांना कायम जागा दिली नाही. १९४० मध्ये त्यांनी लेडर्ली या औषध कंपनीची वाट धरली आणि तिथे फॉलिक आम्ल, कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट, ऑरिओमायसिन अशी कामे त्यांच्या देखरेखीखाली झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्येच ठरवले होते की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. हा अडसर १९४६ पर्यंत कायम होता. १९४८ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, सुब्बाराव गेले ते अमेरिकेचे नागरिक न होताच. माणसाची किंमत वंशावरून ठरवायला हुकूमशाहीच लागते असे नाही, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते.

रक्ताचा दावा आणि स्नायूचा पुरावा

हे सगळे ऐकून भाची म्हणाली, "मामू, मग हे सगळे ज्यूंनीच शोधले का?" मी म्हणालो, नाही. बुख्नर, लोमान, मार्टियुस, हॉपकिन्स, जॉन्सन, सेंट-ग्यॉर्गी हे कुणी ज्यू नव्हते. शोध सगळ्यांनी मिळून लावला. एकाने केलेली चूक दुसऱ्याने दुरुस्त केली, एकाची अर्धी वाट दुसऱ्याने पुरी केली. १९३३ च्या कायद्याने ही साखळी मधूनच तोडली. जीवरसायनशास्त्रात जगात पुढे असलेल्या देशाने आपल्या हाताने आपली प्रयोगशाळा रिकामी केली. बाहेर पडलेल्यांपैकी काहींचे काम इंग्लंड-अमेरिकेत फुलले. अनेकांना असे बोलावणे आलेच नाही. ते छळछावण्यांत संपले. त्यांची नावे कुठल्याच चक्राला मिळाली नाहीत.

या इतिहासात मला सगळ्यात जास्त खुपते ते हे. एक राज्य सांगत होते की माणसामाणसांचे रक्त वेगळे असते आणि त्यावरून कुणाला जागा द्यायची ते ठरते. त्याच वर्षांत त्या राज्याने हाकलून दिलेला एक माणूस कबुतराच्या स्नायूत असे चक्र पाहत होता, जे कबुतराच्या, क्रेब्स यांच्या आणि त्यांना हाकलणाऱ्या अधिकाऱ्याच्या पेशींत सारखेच फिरत होते. ऑक्सिजन घेऊन जगणाऱ्या बहुतेक सगळ्या जिवांत हीच भट्टी आहे. तिच्यात पडलेला घास कुणाच्या घरचा, हे ती विचारत नाही.

क्रेब्स १९८१ मध्ये ऑक्सफर्डला वारले. २०१५ मध्ये त्यांच्या कुटुंबाने त्यांचे नोबेल पदक लिलावात विकले. त्या पैशांतून त्यांच्या नावाने एक निधी उभारला गेला. आपला देश सोडावा लागलेल्या तरुण शास्त्रज्ञांना शिकता यावे, काम करता यावे, यासाठी तो आहे. १९३३ मध्ये हॉपकिन्स यांनी जे एका माणसासाठी केले, ते पुढे चालू राहावे ही त्यामागची भावना.

दुसऱ्या दिवशी भाचीने वही दाखवली. एम्ब्डेन, मेयरहॉफ, पार्नास ही नावे तिने न अडखळता लिहिली होती. त्यांच्या खाली, पुस्तकात नसलेले, चौथे नाव पेन्सिलीने लिहिले होते: सुब्बाराव. परीक्षेत त्याला गुण मिळणार नाहीत, हे तिला ठाऊक आहे. तरी मी ते खोडायला सांगितले नाही.